पहिला हात कोणाचा?

सकाळी ७. मे महिन्यात गोंदियात डोकं चालवायचं तर ऊन चढायच्या आत. कूलरमध्ये पाणी ओतलं, चहा घेतला. सर्व्हर पुण्यात, महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालं तर पोचायला दुसरा दिवस उजाडतो. लॉगिन मात्र लगेच.

८. रात्री लावलेला जॉब अजून चालूच. पावसाच्या अंदाजाचा प्रोग्रॅम. ३२ थ्रेडवर जितका वेळ, १२८ वरही जवळपास तितकाच. टीममधल्या मुलाचा मेसेज : "ताई, मोठं मशीन मागू का?" थांब म्हटलं.

९. आधी मशीनची रचना पाहिली. एएमडी एपिक ७७४२ चे दोन प्रोसेसर, प्रत्येकी ६४ कोअर. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या टॉप-५०० यादीत ६३वा आला, त्यातही हेच प्रोसेसर. आमच्या मशीनवर बायोसमध्ये प्रत्येकाचे चार भाग पाडलेले. म्हणजे एकूण आठ नोड. दर नोडला १६ कोअर आणि मेमरीचे दोन चॅनेल. न्यूमाकंट्रोल या टूलचा अंतरांचा तक्ता सांगतो : स्वतःची मेमरी १०, त्याच प्रोसेसरमधल्या शेजाऱ्याची १२, पलीकडच्या प्रोसेसरची ३२. हे नॅनोसेकंद नव्हेत, फर्मवेअरने दिलेलं ढोबळ प्रमाण. पण बोलकं आहे.

११. न्यूमास्टॅट चालवलं आणि सापडलं. जवळजवळ सगळा डेटा शून्य नंबरच्या नोडवर! प्रोग्रॅमने मेमरी मागितली की लिनक्स नुसतं हो म्हणतं. खरी जागा मिळते ती मेमरीच्या एखाद्या पानावर कोणीतरी पहिल्यांदा लिहितं तेव्हा, आणि तीही लिहिणाऱ्या कोअरच्या नोडवर. आमचं ॲरे भरणारं लूप एकाच थ्रेडवर चालायचं. मग १२८ कोअर एकाच नोडच्या दारात, १६ पैकी १४ चॅनेल रिकामे. गावातल्या सगळ्या राइस मिलच्या गाड्या धान उचलायला एकाच गोदामापुढे लागाव्यात, तसं.

१. जेवण, डुलकी.

३. पानं सगळ्या नोडवर आळीपाळीने वाटायचा पर्याय न्यूमाकंट्रोलमध्ये आहे. कोड हातात नसेल तर तो ठीक. पण निम्मी पानं पलीकडच्या प्रोसेसरवरच राहतात. आमच्याकडे कोड होता. गणिताच्या लूपला थ्रेडवर वाटणारी ओपनएमपीची जी ओळ होती, तीच भरणाऱ्या लूपलाही लावली, वाटणी स्टॅटिक ठेवली, म्हणजे जो थ्रेड पुढे गणित करणार तोच आधी लिहिणार. थ्रेड कोअरला बांधले, नाहीतर कर्नल त्यांना भलत्याच नोडवर हलवतो.

५. न्यूमास्टॅटमध्ये आठही नोडचे आकडे जवळपास सारखे. वेळ चांगलाच उतरला.

"मग मोठं मशीन नको ना, ताई?"

"नको. उद्या फाइल वाचणारं लूप बघ. तेही एकट्यानेच चाललंय."