चिमटीतले सात गुंठे

जुन्नर-आंबेगावात पाऊस लांबला की मक्याच्या भरड्याला कुबट वास येतो, मुरघासाच्या कडेला बुरशी धरते. मग गोठ्यात ठरलेला प्रश्न निघतो: टॉक्सिन बाइंडर टाकला की भागेल ना? त्या पुडीत बहुधा असते ती माती. बेंटोनाइट.

माती विष कशी धरते? तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज म्हणजे पापुद्र्यांची चळत. एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका पातळ. एका ग्रॅममधले सगळे सुटे करून पसरले, तर साडेसातशे चौरस मीटर भरतील. सात गुंठ्यांहून जास्त रान, चिमटीत! अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा चपटा रेणू या पापुद्र्यांमध्ये शिरतो, तिथल्या कॅल्शियमसारख्या धनभारित कणांना चिकटतो आणि शेणावाटे बाहेर पडतो.

पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी जमीन याच कुळातल्या खनिजांची. अमेरिकेतलं प्रसिद्ध बेंटोनाइट तर ज्वालामुखीच्या राखेतून झालं. तशी राख जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकलाही आहे! ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. तिची मात्र माती झाली नाही. काचेचे कण अजून शाबूत आहेत.

काळी जमीन याच कुळातली असली, तरी शेतातलं ढेकूळ फोडून गव्हाणीत टाकू नये. १९९७ मध्ये अमेरिकेत खाद्यात मिसळलेल्या खाणीतल्या मातीतून डायॉक्सिन कोंबड्यांत आणि माशांत उतरलं होतं. माती तपासलेलीच हवी.

अफ्लाटॉक्सिनवर तिचा गुण पक्का; युरोपीय संघाने २०१३ मध्ये त्यासाठी बेंटोनाइटला मान्यता दिली. पण ‘सर्व विषांवर उपाय’ म्हणून ती कोणी विकू लागलं की मला राग येतो. मक्याच्या कणसात शेतातच शिरणाऱ्या फ्युझेरियम बुरशीची झिअरालेनोन, फ्युमोनिसिन ही विषं तिला अफ्लाटॉक्सिनसारखी धरता येत नाहीत. बुरशी धरलेला मुरघास काढून टाकावाच लागतो.

प्रश्न दुधाचाही आहे. गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा एक-दोन टक्के, जास्त दुधाच्या गाईत सहा टक्क्यांपर्यंत भाग एम-१ रूपात दुधात उतरतो. तो उकळून जात नाही. २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत तो मर्यादेबाहेर सापडला. दूषित खाद्य बदललं, तर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा निवळतं.