क्रोएशियाच्या पदकांचा पाया

२०२१ च्या जनगणनेनुसार जेमतेम ३९ लाख लोकसंख्या असलेल्या क्रोएशियाने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र राष्ट्र म्हणून प्रथमच उन्हाळी स्पर्धेत पाऊल ठेवले, तेव्हा युगोस्लाव्हियापासून वेगळे होण्याच्या घोषणेला सुमारे एक वर्ष झाले होते आणि देशाचा काही भाग अद्याप त्याच्या ताब्याबाहेर होता. असे असूनही त्याच्या बास्केटबॉल संघाने अंतिम फेरी गाठली, अमेरिकेच्या विख्यात 'ड्रीम टीम'कडून ११७-८५ अशी हार पत्करून रौप्यपदक मिळवले आणि गोरान इवानिसेविचने टेनिसच्या एकेरीत व दुहेरीतही कांस्यपदक पटकावले. एक वर्षाचे राज्य असे खेळाडू घडवू शकत नाही, हे उघड आहे. ते त्याला वारशाने मिळाले होते, आणि क्रोएशियाच्या क्रीडायशाचा विचार करताना आरंभ या वारशापासूनच करावा लागतो.

या वारशाचे मुख्य अंग म्हणजे क्लब. क्रोएशियात होतकरू खेळाडूची खरी जडणघडण शाळेच्या संघापेक्षा गावातील किंवा शहरातील क्लबमध्ये होते. लहान वयात सभासद झालेले मूल त्याच संस्थेच्या बालगटापासून वरिष्ठ संघापर्यंत चढत जाते आणि त्याला शिकवणारे प्रशिक्षक बहुधा त्याच क्लबचे जुने खेळाडू असतात. बार्सिलोनाच्या संघातील द्राझेन पेत्रोविच शिबेनिक या किनाऱ्यावरील छोट्या शहराच्या क्लबमधून पुढे आला होता, तर टोनी कुकोच हा स्प्लिटच्या ज्या क्लबचा खेळाडू होता त्याने १९८९ ते १९९१ अशी सलग तीन वर्षे युरोपचे अजिंक्यपद राखले होते. स्प्लिटमधील 'गुसार' हा नौकानयन क्लब तर १९१४ चा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच क्लबच्या चौघांनी युगोस्लाव्हियासाठी सुवर्णपदक जिंकले आणि अर्ध्या शतकानंतर, २००४ मध्ये अथेन्सला, सिनिशा व निक्शा या स्प्लिटच्या स्केलिन बंधूंनी स्वतंत्र क्रोएशियासाठी रौप्य मिळवले. मधल्या काळात ध्वज बदलला, राष्ट्रगीत बदलले; नाव वल्हवण्याची परंपरा मात्र तुटली नाही.

नौकानयनाच्या या परंपरेचे सर्वांत पक्व फळ म्हणजे झाग्रेबचे मार्टिन आणि वालेंट सिंकोविच हे बंधू. १९८७ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेसाठी सज्ज करण्यात आलेला यारुन तलाव ही त्यांची सरावाची जागा, 'म्लादोस्त' हा त्यांचा क्लब आणि निकोला ब्रालिच हे त्यांचे दीर्घकाळचे प्रशिक्षक. नौकानयनात दोन मूळ पद्धती आहेत: एकीत प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते, तर दुसरीत तो एकच लांब वल्हे दोन्ही हातांनी आणि नावेच्या एकाच बाजूने चालवतो, त्यामुळे दोघांच्या नावेत दोघांच्या जोरात तसूभर फरक पडला तरी नाव तिरकी जाऊ लागते. सिंकोविच बंधूंनी पहिल्या पद्धतीत २०१४ साली दोन हजार मीटरचे अंतर सहा मिनिटांच्या आत कापणारी जगातील पहिली जोडी हा मान मिळवला, २०१६ मध्ये रिओला सुवर्णपदक जिंकले आणि यशाच्या शिखरावर असतानाच ती पद्धत सोडून दुसरी धरली. त्या नव्या प्रकारात त्यांनी २०१८ व २०१९ ची जागतिक अजिंक्यपदे, टोकियोचे सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिसला अखेरच्या काही मीटरांत ब्रिटिश जोडीला मागे टाकून आणखी एक सुवर्ण मिळवले. अंगात भिनलेली हालचाल विसरून तिशीच्या उंबरठ्यावर नवी शिकणे आणि तीतही जगात पहिले येणे, याला क्रीडाक्षेत्रात तोड क्वचितच सापडेल.

जेथे क्लबचा आधार तोकडा पडला तेथे कुटुंबाने त्याची जागा घेतली. झाग्रेबलगतच्या मेदवेदनित्सा डोंगरावर बर्फ बेताचाच पडतो. अशा ठिकाणच्या यानित्सा आणि इवित्सा कोस्तेलिच या बहीणभावांना त्यांचे वडील आंते, जे पूर्वी हँडबॉलचे प्रशिक्षक होते, आल्प्सच्या उतारांवर घेऊन हिंडत आणि पैशांअभावी कधी मोटारीत, कधी तंबूत मुक्काम करत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये यानित्साने तीन सुवर्ण व एक रौप्य मिळवले, २००६ मध्ये आणखी एका सुवर्णाची भर घालून अल्पाइन स्कीइंगमध्ये चार ऑलिंपिक सुवर्णे जिंकणारी ती पहिली महिला ठरली आणि इवित्साने तीन ऑलिंपिकमध्ये मिळून चार रौप्यपदके पटकावली. २००७ व २००९ मध्ये उंच उडीची जागतिक विजेती ठरलेल्या ब्लांका व्लाशिचचे वडीलही खेळाडूच, डेकॅथलॉनपटू, होते.

लोकसंख्येच्या प्रमाणात पदके मोजण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यावर मात्र फार विसंबू नये. वॉटर पोलोच्या एका पदकामागे दहाहून अधिक जलतरणपटू घडवावे लागतात आणि तरीही तक्त्यात ते थाळीफेकीच्या पदकाइतकेच, म्हणजे एकच, भरते. २०१२ मध्ये लंडनला वॉटर पोलोचे सुवर्ण आणि हँडबॉलची १९९६ व २००४ ची सुवर्णे ही म्हणूनच या देशाच्या ताकदीची अधिक भरवशाची खूण ठरतात.

फुटबॉलबद्दल वेगळे सांगण्याची फारशी गरज नाही. १९९८ व २०२२ च्या विश्वचषकांतील तिसरे स्थान आणि लुका मोद्रिचच्या नेतृत्वाखाली २०१८ मध्ये गाठलेली अंतिम फेरी सर्वश्रुत आहे. १९९८ च्या संघातील बचावपटू इगोर स्टिमॅक २०१९ ते २०२४ या काळात भारतीय संघाचे प्रशिक्षक होते, हा आपल्याकडील वाचकांना परिचित दुवा. तथापि देशांतर्गत लीगची आर्थिक कुवत बेताची असल्याने गुणी खेळाडू लवकर परदेशी क्लबांना विकावे लागतात. मोद्रिचही २००८ मध्ये दिनामो झाग्रेब सोडून इंग्लंडला गेला.

क्लब आणि कुटुंब यांवर उभी असलेली ही व्यवस्था असमतोल आहे, हेही मान्य केले पाहिजे. एखाद्या घरातून जगज्जेता निघतो, पण त्याच्या मागे तशाच तयारीच्या खेळाडूंची रांग उभी राहतेच असे नाही. २०१२ व २०१६ ची सुवर्णविजेती थाळीफेकपटू सांद्रा, पूर्वाश्रमीची पेर्कोविच, हिलाच पॅरिसमध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी पुन्हा देशासाठी कांस्य मिळवावे लागले. नव्या खेळांत मात्र ही जुनी रीत अद्याप फळ देते. पॅरिसमध्ये स्प्लिटच्या 'पुयांके' या क्लबच्या बार्बरा मातिचने ७० किलो गटात मिळवलेले सुवर्ण हे ज्युदोतील क्रोएशियाचे पहिलेच ऑलिंपिक पदक होते.