शाळेचे मैदान आणि पात्रतेचे नियम

शाळेच्या संघात कोणी खेळावे आणि कोणी खेळू नये, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु नियम कोणासाठी केला, तो मोडल्याचे कोणी ठरवायचे, आणि ज्याच्यावर तो चालवला त्याने दाद कोठे मागायची, हे प्रश्न कारखान्याइतकेच मैदानावरही उभे राहतात. अमेरिकेतील टेक्सस राज्याचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

तेथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉल सामना असला की सारे गाव लोटते. हा फुटबॉल मात्र आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू हातात धरून अंगावर अंग घालीत पुढे घुसण्याचा तो खेळ आहे. या स्पर्धांचा कारभार टेक्सस विद्यापीठाच्या छत्राखालील ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग’ पाहते. व्याख्यानाला जमणाऱ्या मंडळींना ऐकून बरे वाटेल की, 1910 साली या संस्थेचा आरंभ झाला तो वादविवाद स्पर्धांसाठी. खेळ मागाहून आले.

तिचे मुख्य नियम चार. पहिला वयाचा: त्या शैक्षणिक वर्षाच्या 1 सप्टेंबरला खेळाडूला 19 वर्षे पूर्ण झालेली नसावीत. चौदा वर्षांच्या पोराच्या अंगावर वीस वर्षांचा गडी घातला तर हाडे कोणाची मोडतील, हे सांगायला नको. दुसरा मुदतीचा: नववीत नाव घातल्यापासून सलग चार वर्षेच खेळता येते, म्हणजे संघाच्या लोभाने मुलाला एकाच वर्गात मागे ठेवण्याची सोय उरत नाही. तिसरा गुणांचा आणि चौथा शाळा बदलण्याचा. खरे वाद झाले ते या दोहोंवरून.

1984 साली राज्याच्या विधिमंडळाने शिक्षणसुधारणेचा कायदा केला. त्यात एक कलम होते: एका विषयात जरी 100 पैकी 70 गुणांखाली घसरलात, तरी सहा आठवडे सामना बंद. ‘पास नाही तर खेळ नाही’ या नावाने ते गाजले. पालक न्यायालयात गेले. 1985 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शाळेच्या संघात खेळणे हा मूलभूत हक्क नव्हे. कलम वैध आहे. 1986 च्या निवडणुकीत गव्हर्नर मार्क व्हाइट पडले, त्याच्या कारणांत या कलमावरचा रोषही धरला जातो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. शाळा शिकण्यासाठी आहे आणि चेंडू चांगला फेकतो म्हणून मुलाला निरक्षर ठेवणे ही त्याची फसवणूकच होय. पण ज्या मुलाला वर्गात कोणी विचारीत नाही, त्याला शाळेत धरून ठेवणारा धागा कित्येकदा मैदानच असते. तो तोडला तर मूल पुस्तकाकडे वळेल की शाळाच सोडील? 1995 साली विधिमंडळाने बंदी सहा आठवड्यांवरून तीनवर आणली. तीन आठवड्यांनी गुण सुधारलेले दिसले की मूल पुन्हा संघात. मधल्या काळात त्याला सरावही करता येतो. शिक्षा असावी, पण परतीची वाट दिसत असावी, हे त्यातले शहाणपण आहे.

शाळा बदलण्याच्या नियमाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. चांगला खेळाडू दुसऱ्या शाळेने पळवू नये म्हणून पूर्वी नियम असा होता की, शाळा बदलणाऱ्याने वर्षभर फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुख्य संघात खेळायचे नाही. एक मुलगा कुटुंबाबरोबर व्हर्माँट राज्यातून ऑस्टिन शहरी आला. त्याला कोणी पळवले नव्हते. तरी नियम लागला. ज्याच्या शाळेचे एकच वर्ष उरले आहे, त्याला वर्षाची बंदी म्हणजे जन्माची बंदी. प्रकरण न्यायालयात गेले आणि 1981 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. कारण असे दिले की, प्रत्येक शाळाबदल खेळासाठीच झाला असे गृहीत धरायचे आणि ते खोडून काढण्याची संधीच द्यायची नाही, हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही.

आता तेथे आधीची शाळा आणि नवी शाळा मिळून खेळाडूचा पूर्वेतिहास लेखी भरून देतात. बदल खेळासाठी केल्याची शंका आली तर जिल्ह्याची समिती चौकशी करते आणि तिच्यावर राज्याच्या समितीकडे अपील चालते.

कामगारांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. आपल्याकडे 1946 साली कारखान्यांच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला, तेव्हा मागणी हीच होती: नियम लेखी असावा, कामगारांच्या भाषेत फलकावर लागावा, आणि बाजू ऐकल्याशिवाय कोणाला दोषी धरू नये. नियमच नको, असे कामगार कधी म्हणाला नाही.

आपल्या शालेय स्पर्धांतही 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट आहेत आणि वयाच्या दाखल्यांवरून तंटे होतात. खोट्या दाखल्याने एक मुलगा आत शिरला की खऱ्या वयाचा एक बाहेर राहतो. म्हणून तपासणी कडकच हवी. मात्र आक्षेप आलेल्या मुलाच्या पालकाने तीन गोष्टी मागून घ्याव्यात: लेखी नियम, लेखी आक्षेप आणि सामना होण्यापूर्वी सुनावणी. सामना होऊन गेल्यावर मिळालेला न्याय त्या मुलाच्या काही कामाचा नसतो.