वळणावरची टकटक ऐकताय ना?

ट्रिपचा ग्रुप जमला, घरच्यांची परवानगी मिळाली, बाबांच्या जुन्या गाडीची किल्लीही हातात पडली. आता निघण्याआधी तुम्ही काय बघता? पेट्रोल, टायरमधली हवा आणि ब्लूटूथ कनेक्ट होतंय की नाही. बरोबर? आम्हीही तेवढंच बघितलं होतं.

शेवटच्या वर्षाला असताना आम्ही चौघं पुण्याहून ताम्हिणी घाटातून कोकणात निघालो होतो. घाट लागला तसा प्रत्येक मोठ्या वळणावर पुढच्या चाकाकडून 'टक-टक-टक' ऐकू यायला लागलं. सरळ रस्त्याला बंद, वळलं की सुरू. ‘‘दगड अडकला असेल रे,’’ म्हणत आम्ही गाण्यांचा आवाज वाढवला. विषय संपला! पण माणगाव येईपर्यंत टकटक गाण्यांच्याही वर गेली. तिथल्या गॅरेजवाल्या काकांनी स्टीअरिंग पूर्ण वळवायला लावलं, चाकामागे टॉर्च मारला आणि विचारलं, ‘‘पोरांनो, आवाज कधीपासून येतोय?’’ आम्ही म्हटलं, ‘‘आजच.’’ काका हसले. ‘‘बूट फाटून कितीतरी महिने झालेत. आत ग्रीस उरलेलंच नाही.’’

गाडीला बूट असतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. तुम्हाला आधीच कळावं, म्हणून हा लेख.

बूट कसला, सांधा कसला?

आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. या चाकांना एकाच वेळी तीन कामं करायची असतात: फिरायचं, वळायचं आणि खड्ड्यांत वरखाली व्हायचं. नुसत्या सरळ दांड्याला हे जमणार नाही. म्हणून गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. हेच सीव्ही जॉइंट. सीव्ही म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी. साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना प्रत्येक फेरीत त्याचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. सीव्ही जॉइंट मात्र चाक वळलेलं असतानाही एकसारख्या वेगाने फिरतो.

चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी गोळ्या असतात. ही रचना आल्फ्रेड रझेप्पा या इंजिनिअरने १९२०च्या दशकात शोधली. १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘मिनी’ या छोट्या गाडीत ती वापरली गेली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. १९८३ साली आलेल्या मारुती ८००मुळे हे जॉइंट घरोघरच्या गाड्यांत पोचले. आणि हो, इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणून सुटका नाही. तिथेही मोटरपासून चाकापर्यंत हेच जॉइंट असतात.

या जॉइंटवर घड्या असलेलं रबरी आवरण असतं. तोच बूट. आतलं ग्रीस आत ठेवायचं, धूळ-पाणी बाहेर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण तो फाटला, की फिरत्या ॲक्सलमुळे ग्रीस बाहेर उडतं आणि धूळ आत शिरते. उरलेलं ग्रीस आणि धूळ मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात. गोळ्यांच्या खाचा झिजतात, गोळ्या सैल होतात आणि वळणावर टकटक सुरू होते. थोडक्यात, जॉइंट सहसा एका रात्रीत जात नाही. आधी रबर जातं.

‘गाडी व्हायब्रेट होते’ एवढं पुरत नाही

गॅरेजमध्ये जाऊन नुसतं ‘गाडी थरथरते’ म्हणालात, तर भलताच पार्ट बदलला जाऊ शकतो. त्यामुळे थरथर नेमकी कधी होते, ते आधी बघा.

वळताना टकटक येत असेल, तर संशय बाहेरच्या जॉइंटवर. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. काचा खाली, गाणी बंद. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक बोलतं.

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते? मग गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट तपासायला सांगा.

ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरतं, पाय ॲक्सिलरेटरवर असो वा नसो? आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर बघा. फक्त ब्रेक मारताना थरथर असेल, तर ब्रेक डिस्क. गाडी उभी असतानाच हादरे बसत असतील, तर इंजिन माउंटिंग. या तिन्ही ठिकाणी ॲक्सल बदलून पैसे घालवू नका.

पाच मिनिटांचं काम

बूट बघायला गाडी उचलावी लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, स्टीअरिंग पूर्ण वळवा, इंजिन बंद करा आणि मोबाइलच्या टॉर्चने चाकामागे बघा. घड्यांमध्ये भेगा आहेत का? रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालंय का? मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

आवाज सुरू होण्याआधी फाटलेला बूट सापडला, तर जॉइंट साफ करून नवं ग्रीस, नवा बूट आणि नवी क्लिप यांत काम भागतं. खर्च शेकड्यांत. टकटक सुरू झाल्यावर मात्र ग्रीस भरून उपयोग नाही. झिजलेलं पोलाद परत येत नाही. मग जॉइंट किंवा अख्खा ॲक्सल, म्हणजे खर्च हजारांत. काम झाल्यावर जुना पार्ट मागून बघायला लाजू नका.

आणि दुर्लक्षच केलं तर? जॉइंट पूर्ण तुटला, की इंजिन चालू राहतं, पण गाडी पुढे सरकत नाही. सगळी ताकद तुटलेल्या बाजूला वाया जाते. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर घसरू शकते. ऑटोमॅटिकमधल्या ‘पी’वरही भरवसा नको. हँडब्रेक लावा आणि चाकाला दगड.

आमच्या नशिबाने ती वेळ घाटात आली नाही. माणगावात अर्धा दिवस ॲक्सलची वाट बघत बसलो, चौघांच्या खिशातले ट्रिपचे पैसे एकत्र केले आणि समुद्र न बघताच परत फिरलो. बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘‘अरे, मलाही आवाज येत होता. म्हटलं, बघू नंतर.’’

तेव्हा पुढच्या वेळी वळणावर टकटक ऐकू आली, तर गाण्यांचा आवाज वाढवू नका. बंद करा आणि ऐका.