पदवीचा हिशेब प्रवेशाआधी

अमेरिकेत पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात; ती सगळी एकाच महागड्या विद्यापीठात मिळवायला हवीत असं मुळीच नाही. काही क्रेडिट परीक्षा देऊनही मिळतात: कॉलेज बोर्ड या संस्थेच्या ‘क्लेप’ परीक्षेचं शुल्क शंभर डॉलरच्या आसपास. 20 ते 80च्या मोजपट्टीवर 50 गुण पडले, की अनेक कॉलेजं तीन किंवा अधिक क्रेडिट देतात. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढली, तर खर्च आणखी उतरतो. अशाने शिक्षण उथळ होतं, हा आक्षेप मला पटत नाही: सूट मिळते ती बहुतेक प्राथमिक विषयांना, वरचे अभ्यासक्रम विद्यापीठातच करावे लागतात. खरी मेख वेगळीच आहे. मान्य झालेली क्रेडिट ऐच्छिक विषयांच्या खात्यात पडली, तर आवश्यक विषय पुन्हा पैसे भरून घ्यावा लागतो. म्हणून परीक्षेआधीच कॉलेजकडून विषयवार लेखी होकार घ्यावा.