पडद्यावरच्या गोष्टीचा मालक कोण?

आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ १९५३ साली पडद्यावर आणला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आता समजा, गिरडच्या एखाद्या वाचनालयाने टेकडीखाली पडदा बांधून तो गावाला दाखवायचे ठरवले. परवानगी कुणाची घ्यायची? साने गुरुजींच्या वारसांची, अत्र्यांच्या वारसांची, की ज्याच्या कपाटात प्रत आहे त्याची?

आपण ज्याला एक चित्रपट म्हणतो, ती कायद्याच्या नजरेत चार-पाच मालमत्तांची मोट असते. पुस्तकाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे चालतो. गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून पुस्तक सर्वांना मोकळे झाले. चित्रपटाची ६० वर्षे मात्र प्रदर्शनापासून मोजतात. त्या हिशेबाने अत्र्यांचा चित्रपट २०१३ अखेर मुदतीबाहेर गेला. पण अत्रे गेले १९६९ साली; त्यांच्या लेखणीतून उतरलेल्या पटकथा-संवादांची मुदत २०२९ अखेरपर्यंत आहे. संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, तेव्हा चालींची मुदत २०३५ पर्यंत. सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ २०२३ मध्ये आला. पुस्तकावर चित्रपट करायला तेव्हा कुणाच्या परवानगीची कायद्याने गरज उरली नव्हती. अत्र्यांचा एखादा संवाद उचलायचा म्हटला असता तर गोष्ट वेगळी होती. जुना चित्रपट मोकळा झाला तरी त्यातले शब्द आणि चाली मोकळ्या झाल्या का, यावर वकिलांचे एकमत नाही. वाचनालयाने पत्र लिहून विचारावे, हे बरे.

ही ६० वर्षे तरी आली कुठून? पूर्वी मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले. त्यांची पुस्तके १९९२ उजाडताच मोकळी होणार होती. तेवढ्यात, २८ डिसेंबर १९९१ पासून मुदत दहा वर्षांनी वाढली. त्याचा लाभ आमच्या ‘प्रभात’च्या ‘शेजारी’लाही झाला, कारण तो १९४१ सालचाच. १९३६ चा ‘संत तुकाराम’ मात्र त्याआधीच मुदतीबाहेर गेला होता. तीन दिवसांच्या फरकाने नशीब बदलते ते असे!

खरी रड आहे ती डब्यात गेलेल्या चित्रपटांची. गावाकडचा लेखक कथा देतो, हातावर थोडे पैसे पडतात, तो कोऱ्या मनाने सही करतो. मुहूर्त होतो, नारळ फुटतो आणि निर्मात्याचा पैसा आटतो. प्रयोगशाळेचे बिल थकले की निगेटिव्ह तिथेच अडकते. कथा ना पडद्यावर येते, ना लेखकाच्या हाती परत. वर्षे जातात, दुसरा निर्माता विचारायला येतो आणि लेखक म्हणतो, ‘मी तर ती विकली.’

बहुतेकांना ठाऊक नसते की कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये यावर तोड आहे. हक्क घेणाऱ्याने तो वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे लिहिलेले नसल्यास तो हक्क संपतो. करारात मुदतच लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. म्हणून ‘कायमचे’, ‘चित्रपट पूर्ण होईपर्यंत’ असे शब्द कागदावर दिसले की पेन खाली ठेवावे आणि वर्षाचा आकडा घालायला सांगावे.

निर्माता म्हणेल, पटकथेचे पैसे मी दिले, म्हणून ती माझी. सत्यजित राय यांच्या ‘नायक’च्या पटकथेवरून असाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०२३ मध्ये न्यायालयाने पटकथेचा हक्क निर्मात्याचा नसून राय यांचा असल्याचे सांगितले.

हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. लिहिले तेव्हाच तो जन्मतो. पण भांडण उभे राहिले की आधी कुणी लिहिले ते दाखवावे लागते. त्यासाठी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद करता येते, आणि सभासद झाल्यास मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडेही.