मागचे पाटे आणि बसणाऱ्याची कंबर



विटा भागात जुनी जीप गोठ्याशेजारी उभी असली की घरातली पोरे तिचा टप, बाके उतरवतात, रुंद टायर घालतात आणि हौसेची गाडी करतात. हौसेला मोल नाही. शेजारच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे येथे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली आणि 2022 साली आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, हे आपणांस ठाऊक आहेच. अमेरिकेत या छंदाला ‘हॉट रॉड’ म्हणतात. तिकडे 1932 च्या फोर्डवर पिढ्यान् पिढ्या हात चालले.

शिवारात फिरताना आम्हांला एकच तक्रार ऐकू येते : गाडी दिसते झकास, पण मागे बसले की कंबर मोडते. कारण साधे आहे. जीपचे मागचे पाटे माणसे, माल आणि ट्रेलर धरून केलेले. आपण गाडी हलकी केली, पाटे मात्र तेच राहिले. वजनच नाही तर पाटा दबणार कसा? मग खड्ड्याचा दणका थेट पाठीला.

आपल्या गाडीचे पाटे किती कडक, हे घरच्या घरी पाहता येते. मागची चासी जॅकने उचलून घोडीवर नीट टेकवा, शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढा, चाके अधांतरी लोंबू द्या. ॲक्सल ते चासी हे अंतर मोजा. गाडी खाली घेऊन पुन्हा मोजा. फरक 5 सें.मी. आला तर गाडी मिनिटाला सुमारे 134 वेळा हिसकते, 10 सें.मी. आला तर 95, आणि 16 सें.मी. आला तर 75. बसणाऱ्याला 60 ते 90 सुखाचे वाटतात.

यावर काही जण एक-दोन पाने सरळ काढून टाकतात. तसे करू नये. पाटा नुसते वजन पेलत नाही, तो ॲक्सलही जागेवर धरतो. पाने कमी झाली की उरलेल्यांवर ताण येतो आणि ब्रेक मारताना ॲक्सल पिळतो. त्यापेक्षा लांब, पातळ आणि कमी पानांचा नवा संच करून घ्यावा. पाने एकमेकांवर घासूनही पाटा आखडतो, म्हणून मध्ये लायनर घालावेत.

कॉइल स्प्रिंग अधिक मऊ, हे खरे. 2020 च्या थारला मागे कॉइल आल्या, आधीच्या थारला पाटे होते. पण कॉइल फक्त वजन पेलते. ॲक्सल धरायला वेगळे दांडे लागतात, आडवा सरकू नये म्हणून आणखी एक. त्यांचे वेल्डिंग बोटभर चुकले तर वळणावर गाडी मागून भलतीकडे जाते. आमचे मत विचाराल तर गावच्या गॅरेजात लांब पाटेच बरे.

गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून ॲक्सलवरची जागाच संपवू नका. दबायला जागा नसेल तर मऊ स्प्रिंग काय कामाची? शॉकॲब्सॉर्बरही नव्या पाट्याला जुळणारे हवेत. कडक घातले की केलेला खर्च पाण्यात. टायरमधली हवा तर फुकट तपासता येते, ती आधी बघा!

गाडीत असा बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे आर.टी.ओ. कचेरीत चौकशी करावी. आणि नवे पाटे बसवल्यावर आठवड्याने यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण पाने बसली की ते ढिले पडतात.